घरातला धंदा, घरातली आग: देखभालीचा खर्च तुमच्या दरात धरलाय का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरगुती व्यवसायाचं कॉस्टिंग बघितलं. कच्चा माल, गॅस, लाईट, पॅकिंग, डिलिव्हरी, स्वतःची मजुरी, सगळं धरलं. पण एक खर्च बहुतेकांच्या वहीत नसतो. ज्या शेगडीवर, ओव्हनवर, मिक्सरवर धंदा चालतो त्यांची देखभाल आणि आगीपासून बचाव. व्हिडिओत याला दोनच मिनिटं मिळाली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी एक हिशोब आहे आणि एक गृहपाठही.

१. वस्तू घरगुती, काम कारखान्याचं

घरात चार माणसांचा स्वयंपाक होतो तेव्हा शेगडी दिवसाला दोन-तीन तास पेटते, मिक्सर पाच-दहा मिनिटं फिरतो. तुम्ही डबे सुरू करता, केक सुरू करता, मसाले दळायला घेता, तेव्हा तीच शेगडी सात-आठ तास पेटते आणि तोच मिक्सर तासभर फिरतो. वस्तू बदलली नाही, पण तिचं काम बदललं. आता ती तुमची मशिनरी आहे.

मिक्सरच्या बुडाखालची पट्टी किंवा सोबतचं माहितीपत्रक काढून बघा. तो सलग किती वेळ चालवायचा आणि मध्ये किती थांबवायचा ते तिथे दिलेलं असतं. बुडाशी एक छोटं लाल बटण असतं. मोटरवर जास्त ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. बरेच जण ते दाबतात आणि लगेच पुन्हा सुरू करतात. ते बटण तुम्हाला सांगत असतं की बाबा, थांब. रोज दोन-तीनदा ते बाहेर येत असेल तर तुमचं काम त्या मिक्सरच्या ताकदीबाहेर गेलंय. मोठं मशीन घ्यायची वेळ आली, असा त्याचा अर्थ.

मोठ्या कारखान्यात मशीन जळालं तर संध्याकाळी मालक घरी जाऊ शकतो. घरातल्या धंद्यात मशीन, माल, घर आणि माणसं एकाच छपराखाली असतात. म्हणून घरून धंदा करणाऱ्याने कारखानदारापेक्षा जास्त काळजी घ्यायला हवी, कमी नाही.

हे सांगताना मला आपल्याच राज्यातल्या दोन घटना आठवतात. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली कपड्यांचं दुकान असलेल्या इमारतीत आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणारी एकाच कुटुंबातली सात माणसं गुदमरून गेली. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर असलेल्या ठिकाणी आग लागली, तिथेही एकाच कुटुंबातले सात जण गेले. दोन्हीकडे वेळ पहाटेची, खाली दुकान आणि वर झोपलेली माणसं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घराचा नकाशा हाच आहे. म्हणून हा विषय टाळून पुढे जाता येत नाही.

२. गॅस: आधी दर नीट लावा, मग नळी तपासा

पहिली गोष्ट कायद्याची. १४.२ किलोचा घरगुती सिलेंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. व्यवसायासाठी १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर असतो. "सर, तो महाग पडतो" हे मला दर बॅचमध्ये ऐकायला मिळतं. माझं उत्तर असं: तुमचा डबा फक्त घरगुती सिलेंडरच्या दरावरच परवडत असेल तर तुमचा दर चुकलाय. पहिल्या दिवसापासून कॉस्टिंगमध्ये कमर्शियल गॅसचा भाव धरा. नंतर धंदा वाढल्यावर दर वाढवायला गेलात की कस्टमर कुरकुर करतो. आणि घरगुती सिलेंडरवर धंदा चालू असताना काही अपघात झाला, तर भरपाईच्या वेळीही प्रश्न उभे राहू शकतात.

आता तपासणी.

सिलेंडर घेताना वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे दिसतात. ती त्या सिलेंडरची पुढच्या चाचणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'बी-२७' लिहिलं असेल तर जून २०२७ पर्यंतची मुदत. मुदत उलटलेला सिलेंडर डिलिव्हरीवाल्याला तिथेच परत करा.

नळी म्हणजे ती नारंगी सुरक्षा होज. तिच्यावर आयएसआय मार्क आणि मुदत छापलेली असते. साधारण पाच वर्षांनी ती बदलायचीच, वरून नवी दिसली तरी. आणि चिरा दिसल्या, कडक झाली, उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा फर्निचरच्या मागून नेलेली नको, आणि तिच्यावर कापडाचं किंवा प्लास्टिकचं कव्हर नको. कव्हरमुळे चीर दिसत नाही, एवढंच होतं.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, फरशीवर पसरतो. म्हणून सिलेंडर ठेवलेल्या ओट्याखालच्या कपाटाला खालच्या बाजूला जाळी किंवा भोकं हवीत. सिलेंडर उभाच ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर.

महिन्यातून एकदा साबणाचं पाणी करून रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं आणि शेगडीचा जॉइंट यांवर लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणारे लोक अजूनही आहेत. तसं कधीही करू नका.

ज्योत निळी हवी. पिवळी येत असेल, भांड्याची बुडं काळी होत असतील, तर बर्नर कचऱ्याने बुजलाय. यात गॅसही वाया जातो, म्हणजे इथे सुरक्षा आणि नफा एकाच बर्नरवर आहेत. आणि रात्री काम संपलं की फक्त शेगडीचं बटण नाही, रेग्युलेटर बंद करायचा.

३. वीज: "आमच्याकडे एमसीबी आहे, मग भीती कसली?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. एक सोपं गणित शिका:

वॉट भागिले २३० म्हणजे अँपिअर.

तुमचा ओव्हन २००० वॉटचा असेल तर तो २००० ÷ २३० = साधारण ८.७ अँपिअर ओढतो. ७५० वॉटचा मिक्सर साधारण ३.३ अँपिअर. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर १२ अँपिअर.

आता तुमचा एक्स्टेंशन बोर्ड उलटा करून बघा. बहुतेक साध्या बोर्डांवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं. ६ अँपिअर म्हणजे ६ × २३० = १३८० वॉट. एकटा ओव्हनसुद्धा त्याच्या कुवतीबाहेर आहे. आणि तारेतून करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. १२ अँपिअर ६ च्या बोर्डातून नेले तर तो बोर्ड आतून भाजत असतो.

मग एमसीबी पडत का नाही? कारण त्या लाईनवर बसवलेला एमसीबी बहुधा १६ अँपिअरचा असतो. त्याच्या दृष्टीने १२ अँपिअर म्हणजे सगळं ठीक. तो भिंतीतल्या वायरिंगचं रक्षण करतो, तुमच्या दीडशे रुपयांच्या बोर्डाचं नाही. बोर्ड वितळेपर्यंत एमसीबी शांत राहू शकतो. हे एकदा नीट समजून घ्या.

यातून चार नियम निघतात:

- ओव्हन, इंडक्शन, गीझर, मोठा फ्रीझर यांना भिंतीतला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट. एक्स्टेंशन नाही, मल्टिप्लग नाही.
- एमसीबी वारंवार पडतो म्हणून जागेवर मोठा एमसीबी बसवू नका. वायर तीच राहते आणि आता तिच्यावर राखण करणारा कोणीच नसतो. लोड कमी करा किंवा वायर बदलून घ्या.
- तीन पिनचा प्लग दोन पिनमध्ये बसवायला अॅडॉप्टर लावू नका. तिसरी पिन अर्थिंगची आहे. ओल्या हातांनी काम होणाऱ्या स्वयंपाकघरात तीच तुमचा जीव वाचवते.
- मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा. एमसीबी वायर सांभाळतो, आरसीसीबी शॉकपासून माणूस सांभाळतो. त्यावर टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. लाईट गेली तर तो नीट आहे. नाही गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

प्लग काढल्यावर त्याच्या पिना हाताला गरम लागतात का? सॉकेटची भोकं काळी पडलीत का? मिक्सर लावला की दिवा मिचमिचतो का? जळक्या रबराचा वास येतो का? यातलं एक जरी असलं तरी तो पॉइंट आजपासून बंद. वायरला टेपपट्टी गुंडाळून केलेला जॉइंट हा कायमचा इलाज नव्हे. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तो काढून घ्या.

४. तेलाचा थर, पिठाची धूळ

उपकरणातून आग सुरू होते, पण ती पसरते घाणीवर. एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर आणि चिमणीच्या जाळीवर बसलेला चिकट थर म्हणजे साठलेलं इंधन. तळणाचं काम रोज असेल तर जाळी दर आठवड्याला गरम पाण्यात आणि साबणात धुवा. महिन्याला धुणं हे घरच्या स्वयंपाकासाठी ठीक आहे, धंद्यासाठी नाही.

घरघंटीवर पीठ किंवा मसाला दळणाऱ्यांनी लक्षात ठेवा: हवेत उडालेली पिठाची बारीक धूळ पेट घेऊ शकते. घरघंटीच्या हवेच्या झडपा बुजल्या की मोटर तापते. दळण झालं की ब्रशने झडपा साफ करा, पिशवी झटका, आणि त्याच खोलीत देव्हाऱ्याची समई किंवा पेटती शेगडी ठेवू नका.

पॅकिंग करणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पाउच सीलिंग मशीनवरची तपकिरी पट्टी जळून काळी झाली की बदला. आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा, खोकी, थर्माकोल हे मशीनच्या आणि शेगडीच्या आसपास ठेवू नका. फ्रीझरच्या मागे खोकी कोंबली की त्याची गरम हवा बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि बिलही वाढतं.

५. आग लागलीच तर: पहिल्या अर्ध्या मिनिटात काय?

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर: पाणी अजिबात नाही. तेलाखाली गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते आणि पेटतं तेल छतापर्यंत उडतं. हात पोचत असेल तर गॅस बंद करा. कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण बाजूने सरकवत वर ठेवा. कढई उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. झाकण लगेच उघडूनही बघू नका, तेल गार होऊ द्या. म्हणून तळताना ते झाकण कपाटात नाही, हाताशी हवं.

गॅसचा वास आला तर: कुठलंही बटण चालू नाही, बंदही नाही. एक्झॉस्ट फॅनसुद्धा नाही. ठिणगी तिथेच पडते. रेग्युलेटर बंद करा, सिलेंडरला सेफ्टी कॅप लावा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर जा आणि बाहेरून १९०६ ला फोन करा. ही एलपीजी गळतीची हेल्पलाइन आहे.

विजेच्या वस्तूने पेट घेतला तर: आधी मेन स्विच बंद. पाणी नाही.

अग्निशामक सिलेंडर घ्यायचा असेल तर घरगुती धंद्याला आयएसआय मार्कचा एबीसी पावडरचा घ्या. कागद, कापड, गॅस आणि विजेच्या आगीला तो चालतो. कढईच्या आगीला मात्र आधी झाकणच, कारण जवळून मारलेल्या पावडरच्या जोराने तेल उडू शकतं. तो शेगडीजवळ नाही, दाराजवळ टांगा. आग लागल्यावर शेगडीपर्यंत जाताच आलं नाही तर त्याचा उपयोग काय? काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला बघा. वापरायची रीत: पिन ओढा, तोंड आगीच्या बुडाकडे, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. छोटा सिलेंडर काही सेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. माल पुन्हा भरता येतो.

६. बाहेरची वाट

रात्री झोपलेल्या माणसाला ज्वाळेआधी धूर गाठतो. धूर वर चढतो आणि जिना हीच त्याची चिमणी असते. म्हणून खाली दुकान आणि वर घर असेल तर तीन गोष्टी पाळा. जिन्यात माल ठेवू नका, "दोन दिवसांसाठी" सुद्धा नाही. शटरशिवाय दुसरी एक वाट ठरवून ठेवा: मागचं दार, गच्ची, आतून उघडणारी ग्रिलची खिडकी. तिला कुलूप असेल तर किल्ली तिथेच, सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्यावर. आणि रात्री फ्रीज-फ्रीझर सोडून दुकानाचा बाकी लोड मेनमधूनच बंद. माझ्या दुकानात मेन स्विचशेजारी एक पुठ्ठा टांगलाय, त्यावर शटर पाडण्याआधी बंद करायच्या वस्तूंची यादी आहे. नवा मुलगा कामाला आला की त्याला बिलिंगच्या आधी ती यादी शिकवतो.

इलेक्ट्रिक स्कूटरवर डिलिव्हरी करत असाल तर तिची बॅटरी बाहेर जायच्या दाराशी किंवा जिन्यात, रात्रभर चार्जिंगला लावू नका.

७. विमा: एक प्रश्न लेखी विचारा

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे दोन ठरावीक पॉलिसी मिळतात. 'भारत गृह रक्षा' घरासाठी आणि घरातल्या सामानासाठी. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ५ कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या व्यवसायासाठी. घराची पॉलिसी आहे म्हणजे धंद्याचा मालही त्यात आला, असं गृहीत धरू नका. एजंटला मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर विचारा: "मी घरातून अमुक व्यवसाय करतो. माझा ओव्हन, फ्रीझर आणि तयार माल या पॉलिसीत येतो का?" उत्तर जपून ठेवा.

८. आता हिशोब

समजा तुम्ही रोज ३० डबे देता, महिन्याला २५ दिवस. वर्षाचे डबे ९०००. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेत. तुम्ही तुमच्या गावचे भाव टाका.

- शेगडी सर्व्हिसिंग, वर्षातून दोनदा: ८०० रुपये
- इलेक्ट्रिशियनची तपासणी, वर्षातून दोनदा: १००० रुपये
- अग्निशामक सिलेंडर (किंमत पाच वर्षांत वाटून) आणि वार्षिक तपासणी: ७०० रुपये
- गॅसची नळी आणि किरकोळ: १०० रुपये
- मिक्सरचे कार्बन ब्रश, कपलर, दुरुस्ती: ६०० रुपये
- चिमणी-एक्झॉस्टची खोल सफाई: ६०० रुपये
- विमा: २२०० रुपये

एकूण ६००० रुपये. भागिले ९००० डबे. म्हणजे एका डब्यामागे ६७ पैसे.

एक रुपयासुद्धा नाही. सहा हजार एकदम काढायचे म्हटले की जड जातात, म्हणून देखभाल पुढे ढकलली जाते. ६७ पैसे मात्र डब्याच्या दरात कस्टमरच्या लक्षातही येत नाहीत. डब्यामागे एक रुपया बाजूला काढा, वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात. वर्षाला ९००० जमतील. ६००० देखभालीला, उरलेले ३००० पुढच्या मशीनसाठी. जो रुपया तुम्ही दरात धरला नाही, तो तुमच्या खिशातूनच जाणार, आणि तोही दुरुस्तीच्या गडबडीच्या दिवशी, ऑर्डर रद्द करून.

९. वहीत उतरवून घ्या

- रोज: रेग्युलेटर बंद, मेन लोड बंद, जिना मोकळा.
- दर आठवड्याला: चिमणीची जाळी, बर्नर, घरघंटीच्या झडपा, फ्रीझरच्या मागची धूळ.
- दर महिन्याला: साबणाच्या पाण्याने गळती, आरसीसीबीचं बटण, अग्निशामकाचा काटा, सगळ्या प्लगना हात लावून तापमान.
- सहा महिन्यांनी: शेगडी सर्व्हिसिंग, इलेक्ट्रिशियन.
- वर्षाने: अग्निशामक तपासणी, विमा, नळीची मुदत.

एका पानावर तारीख, काय केलं, किती खर्च आला, कोणी केलं, एवढं लिहीत जा. दोन वर्षांनी बँकेत मशिनरी लोनला जाल तेव्हा कुठलं मशीन किती चाललं आणि किती खाल्लं, हे तुम्ही आकड्यांत सांगू शकाल.

गृहपाठ

पुढचा व्हिडिओ येण्याआधी हे करून ठेवा:

१. घरातल्या प्रत्येक व्यवसायाच्या वस्तूचे वॉट लिहा आणि अँपिअर काढा.
२. कुठली वस्तू कुठल्या पॉइंटवर आहे ते लिहा. ६ अँपिअरच्या बोर्डावर १३८० वॉटपेक्षा जास्त असेल तर लाल पेनने गोल करा.
३. नळीवरची मुदत वाचा.
४. रात्री लाईट बंद करून, मोबाईलचा टॉर्च न लावता, घरातल्या सगळ्यांनी दुसऱ्या वाटेने बाहेर पडून बघा. आजी-आजोबा आणि लहान मुलं धरून.
५. तुमच्या एका युनिटमागे देखभालीचे किती पैसे येतात ते काढा आणि दरात मिळवा.

चौथा मुद्दा खेळ वाटेल. पण कुठल्या दाराची कडी अडकते आणि कुठली किल्ली सापडत नाही, हे कळायला एवढाच एक मार्ग आहे. आज रात्रीच करा. पुढच्या व्हिडिओत आपण जुनं मशीन दुरुस्त करायचं की विकून नवं घ्यायचं, त्याचं गणित बघू. तुमची अँपिअरची यादी तेव्हा लागणार आहे.